मोठा चाकू नाई लागत...

परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. आमच्या वयात इतक्या उशिरा फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो, मग चष्मा शोधायचा. पाहतो तर भाचा.

"मामा, झोपले का? एक अर्जंट विचारायचं होतं. चाकू कुठला घेऊ?"

आता झोप उडाली नाही तरच नवल. साहेब पुण्याला शिकतात आणि पहिल्यांदाच मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर मुक्कामी चालले आहेत. बूट घेतले, सॅक घेतली, डोक्याला बांधायची बॅटरी घेतली. आता राहिला चाकू. त्याने मला चार फोटो पाठवले. एकेक असा की बघून सीमेवर चाललाय असं वाटावं. बारा इंची काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ, मुठीच्या झाकणात इवलंसं होकायंत्र आणि पोटात गळ, दोरा, काडेपेटीच्या काड्या. म्हणजे अख्खा संसारच. खाली लिहिलेलं, 'जंगलात जगण्यासाठी एकमेव साथी'.

(ताई, तू हे वाचशीलच. घाबरू नकोस, तो नुसता विचारत होता.)

मला विचारायचं कारण असं की आमच्या गोतावळ्यात मी 'चाकूवाला मामा' आहे. घरात लहानमोठे सातआठ चाकू आहेत आणि लग्नकार्यात सुऱ्यांना धार लावायचं काम न सांगता माझ्याकडे येतं. तसं सावंगी मेघे म्हटलं की लोकांना मेडिकल कॉलेज आठवतं, आणि इथे चाकू म्हटला तर ऑपरेशनचाच. पण मी त्यातला नाही. मी सेलू तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आमचं गाव बोरच्या जंगलाच्या बाजूला. चाकूबद्दल मला जे कळतं ते बाबांच्या खिशातून आलेलं आहे.

बाबांच्या बंडीच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा. बोटभर पातं, लाकडी मूठ, पितळेच्या दोन खिळ्या. त्याने ते संत्रं सोलायचे, बैलाच्या दोराला गाठ पडली की सोडवायचे, पायातला बाभळीचा काटा काढायचे, आम्हा पोरांच्या पेन्सिलींना टोक करून द्यायचे. दर पोळ्याच्या आधी विहिरीच्या पायरीवर पाणी शिंपडून तो घासत बसायचे. पायरीच्या त्या दगडाला मधोमध खळगा पडला होता. आहे अजून.

१९८३ च्या पावसाळ्यात आमची बंडी नाल्यात अडकली. मी तेव्हा दहा वर्षांचा, बंडीत बसलेलो. वर कुठे पाऊस पडला असेल, आम्हाला पत्ता नाही. नाला ओलांडताना एकदम गढूळ लोंढा आला आणि डाव्या अंगाचा बैल पाय घसरून बसला. बैल खाली, जू वर, आणि गळ्यातली सापती आवळत चाललेली. त्याचे डोळे मला अजून दिसतात. गाठ पाण्याने फुगलेली, हाताने सुटणं शक्य नव्हतं. बाबांनी एका हाताने शिंग धरलं, दुसऱ्या हाताने खिशातला चाकू काढला, दातांनी उघडला आणि दोन फटक्यांत सापती कापली. बैल उठला. आम्ही काठावर आलो. बंडीच्या साटीखाली तेव्हा चांगली हातभर कुऱ्हाड होती, पण ती काढायला वेळ कोणाला होता?

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मोठा चाकू नाई लागत बाबू. जवळ लागते."

रानावनातला चाकू कसा निवडावा यावर मी पुढे बरंच वाचलं, घासलं, तोडलं, पैसेही घालवले. पण या वाक्याच्या पलीकडे फार गेलो असं वाटत नाही. तरी भाच्याला नुसतं वाक्य देऊन कसं चालेल? म्हणून जरा सविस्तर सांगितलं, तेच इथे लिहितो.

पहिली गोष्ट लांबी. पातं चार इंचांच्या आसपास पुरतं. जंगलात चाकूने काय करायचं असतं? दोर कापणे, काटकी छिलून जाळायला बारीक सालपटं काढणे, कांदा चिरणे, पट्टीचं कापड फाडणे. यातलं एकही काम बारा इंची पात्याने धड होत नाही. फांद्या तोडायच्या असतील तर त्याला विळा आहे, कोयता आहे, कुऱ्हाड आहे. आमच्या गावात तूर कापणाऱ्या बाया दिवसभर एक इळा चालवतात, पण त्यांच्यापैकी कोणी त्याने कांदा चिरत नाही. एकाच हत्याराकडून सगळी कामं मागणं ही शहरातल्या माणसाची हौस आहे.

दुसरी गोष्ट मूठ. चाकू मोडतो तो बहुधा पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे. म्हणून पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं असेल तर उत्तम. पोकळ मुठीत ते जेमतेम इंचभर शिरलेलं असतं, आणि स्वस्तातला असेल तर जोर लावताच डोलायला लागतो. १९८२ साली 'फर्स्ट ब्लड' सिनेमा आला आणि नायकाच्या हातातल्या तसल्या चाकूची जगभर नक्कल झाली. मूळ चाकू एका नामांकित अमेरिकन कारागिराने खपून केलेला होता. नकला मात्र नुसत्या नकलाच. एक मीही १९९४ मध्ये हौसेने घेतला होता. नारळ फोडताना पातं एकीकडे, मूठ दुसरीकडे आणि होकायंत्र गटारात. अर्थात 'शेवटपर्यंत' हाही काही वेदमंत्र नाही. फिनलंडचा पुक्को घ्या. त्याच्या पात्याचं शेपूट मुठीच्या लाकडात लपलेलं असतं, पातं तीनचार इंचांचं, आणि तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर रान काढत आले आहेत. काम चोख असेल तर लपलेलं शेपूटही चालतं.

घडीचा घ्यायचा तर उघडल्यावर पातं अडकून राहणारा घ्या. नाहीतर जोर लावताना तो मिटतो, तोही आपल्याच बोटांवर. फ्रान्सच्या ओपिनेल चाकवाला १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी फिरवायची एक साधी कडी आहे. काय सोपी युक्ती! बाबांच्या चाकूला तसलं काही नव्हतं, आणि त्यांच्या उजव्या तर्जनीवरची आडवी खूण त्याचीच होती.

तिसरी गोष्ट लोखंड. यावर लोक रात्रभर भांडू शकतात (मीही भांडलो आहे). थोडक्यात असं की न गंजणाऱ्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे ते पावसात, घामात टिकतं. समुद्राकाठी, कोकणातल्या पावसात तेच बरं. साधं कार्बनचं पोलाद गंजतं, लिंबू कापलं की काळं पडतं, रोज पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. पण त्याला कोणत्याही ओढ्यातल्या दगडावर धार येते. आपल्याकडे ट्रकच्या कमानपाट्यांपासून विळे-कोयते करतात ते उगाच नाही. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त असतो. लोहार ते लालभडक तापवून विझवतो. विझवलेलं लोखंड काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं, म्हणून मग पुन्हा हलकं तापवतो, वर गवतासारखा पिवळा रंग चढेपर्यंत. या दुसऱ्या तापवण्यात सगळं आहे. ते चुकलं की धार तरी वळते नाहीतर पातं तरी तुटतं. गावातले म्हातारे याला 'पाणी' म्हणायचे. पाणी चांगलं आहे की नाही, हे पात्याच्या कडेला नख लावून नुसत्या आवाजावरून सांगायचे.

असं पाणी देणारा लोहार शोधायला मला मागच्या वर्षी चार दिवस हिंडावं लागलं. ज्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पांनी कारागिरांसाठी आयुष्य घातलं, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, तिथली ही गत. भाते थंड झाले. लोहारांची पोरं फॅब्रिकेशनच्या दुकानात गेटं जोडतात. त्यांना दोष नाही, विळा बाजारात तयार मिळतो आणि गेटाला पैसे बरे मिळतात. पण चाकू ज्याने केला त्याला 'मूठ जरा बारीक कर बाबा, हात लहान आहे' असं सांगता येणं, ही चैन आता संपत आली एवढं खरं.

चौथी गोष्ट कायदा. ही कुणीच सांगत नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू आपल्याकडे हत्यारांच्या यादीत बसतो. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. भाच्याचा बारा इंची 'साथी' ना घरचा ना शेतीचा! आणि अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय हत्यार नेताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हत्याराची जी व्याख्या आहे, तिच्यात चाकू नावानिशी आहे. आमचं बोर १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. म्हणजे आमच्या भागात ज्याला लोक खरं जंगल म्हणतात, नेमकं तिथेच 'जंगलात जगण्याचा साथी' फाटकावर ठेवून जावं लागतं. हरिश्चंद्रगडाचं म्हणाल तर तोही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातच येतो. म्हणून भाच्याला सांगितलं, आधी वनखात्याकडे विचार. नाही म्हणाले तर चाकू घरी, कांदा गावातून चिरून घे.

इथवर भाचा 'हो मामा, हो मामा' करत होता. मग म्हणाला, "पण समजा साप चावला तर? चीर द्यायला मोठा नको का?"

मी गप्प झालो. पुढचं मी त्याला फोनवर सांगितलं नाही. इथे लिहितोय, कारण घरातल्या सगळ्यांना ते अर्धं अर्धं माहीत आहे आणि पूर्ण कोणी कधी बोललं नाही.

आमची आत्या लंगडत चालायची. नव्या पिढीला वाटतं जन्मतःच तसं होतं. नव्हतं. १९८७ च्या ऑगस्टमध्ये कपाशीच्या निंदणात तिला साप चावला, पायाच्या घोट्याजवळ वरच्या बाजूला. बाबा शेजारच्याच तासात होते. त्यांना जे ठाऊक होतं, गावात सगळ्यांनाच जे ठाऊक होतं, ते त्यांनी केलं. सुतळीने पोटरी करकचून बांधली. खिशातला चाकू काढला. तोच चाकू. दोन चिरा दिल्या आणि तोंडाने रक्त ओढून थुंकत राहिले. मग बंडीने सडकेपर्यंत, तिथून एसटीने वर्धा. दवाखान्यात पोचेपर्यंत चार तास गेले. सावंगीचं मेडिकल कॉलेज १९९० चं, तेव्हा ते नव्हतंच.

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. रक्त नीट गोठत होतं, पापण्या जड होत नव्हत्या, श्वास ठीक होता. विषाचं एकही लक्षण दिसलं नाही. साप बिनविषारी होता किंवा त्याने विष सोडलंच नव्हतं. म्हणजे नुसती मलमपट्टी करून घरी आली असती ती. पण चिरांपैकी एका चिरेने पायाचा अंगठा वर उचलणारा दोरा तुटला होता. सुतळीखालचं कातडं काळंनिळं पडलं होतं. जखम चिघळली ती दिवाळीपर्यंत. आत्या चालायला लागली तेव्हा पाऊल ओढत चालायला लागली आणि २०११ साली गेली तेव्हाही तशीच चालत होती.

तिने बाबांना एका शब्दाने कधी दुखवलं नाही. उलट राखीला कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "माह्या भावानं जीव वाचवला माहा." बाबा उठून बाहेर जायचे. एकदाच, फार वर्षांनी, विहिरीच्या पायरीवर चाकू घासता घासता मला म्हणाले, "चाकूचं काय हाये, तो सांगंन ते करते. सांगनाऱ्याले समजलं पायजे." बस. पुन्हा कधी नाही.

ज्या चाकूने बैल वाचला, त्याच चाकूने बहिणीचा पाय गेला. धार तीच, हात तोच, मायाही तितकीच. फरक होता तो फक्त माहितीचा.

म्हणून ज्या कोणाच्या मनात अजून असेल त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. साप चावला तर चाकू लांब ठेवा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी, जोडवी, पैंजण काढायचे, चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, माणसाला धीर द्यायचा आणि मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेला दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करायचा. साप मारायला किंवा पकडायला मागे धावायचं नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. सन २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. आराखडे होतील. पण शेतात साप चावतो तेव्हा पहिली दहा मिनिटं शेजारच्या तासातल्या माणसाच्या हातात असतात.

इथून थोड्याच अंतरावर सेवाग्रामला बापूंच्या आश्रमात साप पकडायचा एक लांब लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. साप धरायचा आणि दूर नेऊन सोडायचा. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही त्याला हसलो होतो. आता तिकडे कोणी पाहुणा घेऊन गेलो की मी त्याच्यासमोर जास्त वेळ उभा राहतो. रानात जगायचं हत्यार असंही असू शकतं!

आणि एक गोष्ट त्या अमेरिकन मुलाची. ॲरन राल्स्टन, २००३. युटामधल्या एका अरुंद घळीत त्याचा हात भल्यामोठ्या धोंड्याखाली सापडला. पाच दिवसांनी त्याने आपल्याच हाताचं हाड मोडून, एका स्वस्त, बोथट चाकूने हात कापून स्वतःला सोडवलं. त्यावर सिनेमाही आला. चाकूची चर्चा निघाली की कोणीतरी हे उदाहरण देतोच, 'बघा, चांगला चाकू पाहिजे होता'. मला त्यातून वेगळंच दिसतं. तो कुठे चाललाय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. घरी एक चिठ्ठी ठेवली असती तर लोक आधी शोधायला निघाले असते. कोणत्याही पोलादापेक्षा ती चिठ्ठी मजबूत ठरली असती.

तर शेवटी असं केलं. त्या लोहाराकडून मागच्या वर्षी करून घेतलेला एक चार इंची चाकू माझ्याकडे होता. बाभळीची मूठ, चामड्याचं म्यान. तो पुसून, तेल लावून पार्सल केला. सोबत एक शिट्टी, दहा हात दोर, दोन क्रेप बँडेज आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं, 'वनखात्याने परवानगी दिली तरच ने. कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, कधी परतणार हे लिहून आईला दे. दोन बाटल्या पाणी जास्त घे. साप चावला तर हा चाकू सॅकमधून काढायचासुद्धा नाही. का, ते गावी आलास की सांगीन.'

बाबांचा चाकू पाठवला नाही. घासून घासून त्याचं पातं आता गव्हाच्या पातीएवढं उरलंय. तो माझ्या टेबलाच्या खणात असतो.

पार्सल मिळाल्यावर साहेबांचा फोन आला. "मामा, मस्त आहे. पण फोटोत काही भारी दिसत नाही."

म्हटलं, बरंच आहे.

गेल्या रविवारी ते सगळे सुखरूप उतरले. चाकू पुण्यातच कपाटात होता, कारण परवानगी विचारायला गेलेल्या मित्राला 'कशाला नेता?' असं विचारलं आणि त्याला उत्तर सुचलं नाही. चिठ्ठी मात्र ताईच्या फ्रीजवर चिकटवलेली होती. तिने मला फोटो पाठवला. खाली चढायची वाट, उतरायची वाट, परतायची वेळ. आणि सगळ्यात खाली भाच्याच्या अक्षरात, 'मामा, सापाचं काय ते दिवाळीत सांगा.'

सांगेन. विहिरीच्या पायरीवर बसूनच सांगेन.